एकवीस दिवसांचं भेटकलम

धाडच्या शिवारात भगवंतरावांच्या शेडनेटमध्ये सकाळी डोकावलं, तर टोमॅटोच्या ओळींत पंचवीस-तीस बायका उभ्या दिसत आणि त्यांच्यात एक पांढरी टोपी. टोपी गुलाबरावांची. वय चोपन्न, उंची बेताची, बोलणं त्याहून बेताचं. गावात ते कोणाच्या अध्यातमध्यात नसत, त्यामुळे गावाला त्यांच्याविषयी फारसं काही सांगता येत नसे. बियाण्याच्या कंपनीचे लोक मात्र गाडीतून उतरल्यावर आधी ती टोपी शोधत.

काम असं असतं. संकरित टोमॅटोचं बी तयार करायचं, तर मादी झाडाची कळी उमलायच्या आदल्या दिवशी चिमट्यानं सोलावी लागते. आतला पिवळा शंकू अलगद काढायचा, मधल्या हिरव्या काडीला धक्का न लावता. दुसऱ्या सकाळी त्या काडीच्या टोकाला नर झाडाच्या परागाची पावडर बोटानं टेकवायची आणि खूण म्हणून फुलाखालची दोन हिरवी पानं कातरायची. मग पुढची कळी. याला सगळे क्रॉसिंग म्हणतात. माशीसुद्धा हेच काम करते, पण तिला शिस्त नाही, आणि कंपनीला शिस्तीशिवाय दुसरं काही नको असतं. म्हणून जाळी. जाळीच्या आत माशी नको, वारा नको, फक्त माणसांची बोटं.

गुलाबराव यात पडले ते अठरा वर्षांपूर्वी, बायकोला सायकलवर सोडायला आले म्हणून. सिंधूताईंना चिमटा धरता येईना. यांनी दाखवायला म्हणून धरला, आणि सुपरवायझरनं तो त्यांच्या हातून परत घेतलाच नाही. सिंधूताई तेव्हापासून पाणी आणि फवारणी बघतात. बायकांच्या कामात शिरलेला बाप्या म्हणून सुरुवातीला पानठेल्यावर चौकशी व्हायची.

"काय बे गुलाब्या, आज किती लग्नं लावले?"

"सातशे."

"टिकतात का?"

"तुह्याहून बरे."

चौकशी थांबली. पुढे त्यांनी बायकांच्या दोन पिढ्यांना हे काम शिकवलं. शिकवणं म्हणजे दोन वाक्यं. पहिलं पावडरीबद्दल: ओल लागली की मेलं. पावडर डबीत निळ्या खड्यांसोबत ठेवायची, खडे ओल ओढून घेतात, आणि डबी थंडाव्याला. दुसरं कळीबद्दल: शंका आली की तोडायचं. कळी वेळेत सोलली की उशिरा, आतल्या आत फळ धरलं की आपण धरवलं, याचा नक्की पत्ता नसेल, तर ते फळ झाडावर ठेवायचं नाही. एका खोट्या फळाचं बी पोत्यात गेलं तर सगळं पोतं खोटं. हे ते इतक्या वेळा बोलले होते, की मंजुश्री, म्हणजे त्यांच्या हाताखाली तयार झालेली सगळ्यात चलाख सून (गावची, त्यांची नव्हे), त्यांची नक्कल करताना हीच दोन वाक्यं म्हणायची आणि बायका हसायच्या. गुलाबरावही हसायचे, जाळीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन.

त्या हिवाळ्यात वानरांनी जाळी धरली. शेजारच्या तुरीत पोट भरायचं आणि मग शेडनेटच्या छतावर उड्या मारायच्या, त्यांना बहुधा ती खाट वाटत असावी. दोन जागी जाळी फाटली. भगवंतरावांनी दिवसभर थाळी वाजवायला एक माणूस बसवायचं ठरवलं. गुलाबरावांना ते पटलं नाही. दोन चांगले हात दिवसभर थाळी बडवायला घालायचे, हे त्यांच्या हिशेबात नासाडी होती. त्यांनी तोड काढली. सुतळी बॉम्बच्या वातीला अगरबत्तीचा तुकडा बांधायचा, कुठे लांब, कुठे आखूड, आणि पाच बॉम्ब धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, अंतरानं ठेवून आपण आत कामाला लागायचं. बॉम्ब आपापल्या वेळेनं फुटत. वानरांना वाटे, कोणीतरी बसलेलं आहे. आठवडाभर हे छान चाललं. मोगऱ्याच्या वासाचा बंदोबस्त म्हणून भगवंतरावांनी त्याचं पाहुण्यांसमोर कौतुकही केलं.

नवव्या दिवशी दहिवर फार पडलं होतं. चार आवाज आले, पाचवा आला नाही. गुलाबरावांनी चौदा कळ्या सोलेपर्यंत वाट पाहिली, वर आणखी दहा. मग बाहेर गेले. अगरबत्ती मध्येच विझलेली, राख ओली. पोरासोरांसारखा बॉम्बला पाय लावणाऱ्यांतले ते नव्हते. त्यांनी तो उचलला, ज्या चिमटीत कळी धरायची त्याच चिमटीत, आणि अगरबत्तीवरची राख उडवायला हलकेच फुंकर मारली. सोललेल्या कळीवर कचरा राहिला की मारतात तशी. राखेच्या आत एक टिंबाएवढा निखारा अजून होता.

बायका धावत आल्या तेव्हा गुलाबराव धुऱ्यावर बसलेले होते, उजवं मनगट डाव्या हातानं आवळून. अंगठ्याचं वरचं पेर नव्हतं. अंगठा आणि तर्जनीच्या मधला भाग हाडापर्यंत उघडला होता. ते म्हणाले, "जाळी पाहा, फाटली का."

सिंधूताईंनी लुगड्याचा पदर फाडून हात बांधला. कोणीतरी हळद आणायला धावलं, तिला त्यांनी अडवलं. आणि मंजुश्रीनं, जिचं डोकं अशा वेळी सगळ्यांत आधी चालतं, गवतात शोधून अंगठ्याचं पेर उचललं. ते जपलं पाहिजे एवढं तिला माहीत होतं. नाजूक जीव कसा जपायचा तेही माहीत होतं, अठरा वर्षं जाळीत शिकवलं जात होतं. तिनं पावडरीची रिकामी डबी घेतली, तळाशी निळे खडे अंथरले, त्यावर ते पेर ठेवलं, वर पुन्हा खडे घातले, झाकण घट्ट लावलं आणि डबी थंड पाण्याच्या जारमागे सावलीत धरून जीपमध्ये बसली.

धाडच्या दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन आणि पट्टी झाली, आणि जीप तशीच बुलढाण्याला गेली. तिथे एका खाजगी दवाखान्यात संभाजीनगरहून प्लास्टिक सर्जन मंगळवारी आणि शुक्रवारी येत. सुदैवानं मंगळवार होता. डॉक्टरांनी डबी उघडली. आत एक सुकलेली, सुरकुतलेली वस्तू होती, खारकेसारखी. खडे निळे होते ते गुलाबी झाले होते. ओल शोषली की ते तसे होतात.

"हे कोणी केलं?" डॉक्टरांनी विचारलं. रागानं नाही, त्यांना खरंच माहिती हवी होती. नोकरीत त्यांनी तुटलेली बोटं दुधात, मिठात, एकदा तर शेंगदाण्याच्या तेलात आलेली पाहिली होती. ही पद्धत नवी होती.

मंजुश्री तेव्हा खाली औषधाच्या दुकानात होती. सिंधूताई म्हणाल्या, "आमच्यात तसंच ठेवतात."

डॉक्टरांनी सांगितलं की ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, ती पिशवी बर्फात ठेवायची असते. मग सांगितलं की तसं केलं असतं तरी फारसा उपयोग नव्हता. चाकूनं कापलेलं जोडता येतं, स्फोटानं उडालेल्याच्या नसाच फाटलेल्या असतात. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. सिंधूताईंनी दुसरी लक्षात ठेवायचं ठरवलं. गुलाबरावांनी पडल्या पडल्या पहिली ऐकली.

दोन वेळा भूल देऊन हात धुतला गेला, दारूचे काळे कण एकेक करून काढले गेले. पाचव्या दिवशी, म्हणजे शनिवारी, डॉक्टर खास येऊन बसले आणि पुढचं सांगितलं. अंगठ्याचं खालचं हाड शिल्लक आहे, पण उघडं आहे. त्यावर जाड जिवंत कातडं लागेल. नाही मिळालं तर हाड आखूड करत करत अंगठा मुळापर्यंत जाईल, आणि मग चिमूट विसरायची. कातडं घ्यायचं जांघेवरून, पण पूर्ण कापून नाही. एक बाजू जांघेलाच ठेवायची आणि हात तिथे नेऊन शिवायचा. तीन आठवडे. तोवर कातडं जांघेच्या रक्तावर जगेल, हळूहळू अंगठ्याचं रक्त घेऊ लागेल. मग मधलं कापायचं.

"म्हणजे भेटकलम," गुलाबराव म्हणाले.

"काय?"

"आंब्याचं. रोप कुंडीत नेऊन झाडाच्या फांदीला बांधतात. फांदी झाडावरच राह्यते. जुळलं की मंग कापतात."

डॉक्टरांनी दोन क्षण विचार केला आणि म्हणाले की वीस वर्षांत एकाही पेशंटला हे इतक्या लवकर समजलं नव्हतं. "कलम जगतं कधी, मरतं कधी?" त्यांनी उलट विचारलं.

"हाललं का मेलं."

"बस. तेवढंच."

तेवढंच होतं खरं. शुद्धीवर आल्यावर गुलाबरावांना कळलं की त्यांचा उजवा हात ओटीपोटाच्या कडेला, उजव्या जांघेवर, स्वतःच्याच अंगाला टाके घालून बसवलेला आहे, कोपराखाली उशी आहे आणि कमरेभोवती रुंद चिकटपट्टी आहे. कुशीवर वळायचं नाही. पाय सरळ करायचा नाही. खोकताना आधी सांगायचं. लघवीला बाटली, आणि बाटली धरायला सिंधूताई. संसाराच्या तेहतीस वर्षांत या दोघांत कोणाला कोणाची इतकी सोबत मिळाली नव्हती.

शेजारच्या खाटेवर नांदुऱ्याचे हिंमतराव होते, कापसाचे व्यापारी, मांडीच्या हाडात सळई घातलेले. त्यांनी पहिल्याच सकाळी निरीक्षण केलं.

"खिशात हात घालून झोपले काय हो? कोणी चोरून राह्यलं काय?"

"चोरलं तं चोरलं," गुलाबराव म्हणाले. "आता उरलेलं राखून राह्यलो."

गावाहून लोक येत. जय भीम म्हणत, गुलाबराव डावा हात उचलून उत्तर देत, मग येणाऱ्याची नजर चादरीच्या त्या भागाकडे जाई आणि तिथून कुठे न्यावी हे त्याला कळत नसे. चादर जरा बाजूला केली की काय जोडलंय ते दिसे, पण ती बाजूला करायची म्हणजे लाजही बाजूला करायची. गुलाबरावांनी चौथ्या दिवसापासून चादर बाजूला करूच दिली नाही. पुष्पांजली सिस्टर रोज दोनदा मात्र ती उचलत, अंगठ्यावरच्या कातड्याला बोटानं दाबत, पांढरं झालेलं किती वेळात पुन्हा लाल होतं ते मोजत. एकदा त्यांनी सुई टेकवून विचारलं, "कुठं टोचलं?"

"जांघेत."

"मी तर अंगठ्याला टोचलं."

"त्याले अजून सांगतलं नसन कोणी, तो अंगठा हाय म्हणून."

दिवस मोजायचं काम उरलं. खिडकीतून आंब्याचं एक झाड दिसत असे आणि त्यापलीकडे शाळेची इमारत. गुलाबराव झाडाकडे पाहत. मनात ते कळ्या सोलत असावेत, कारण डाव्या हाताची बोटं चादरीवर हलत आणि पट्टीत गुंडाळलेल्या उजव्या तर्जनीलाही अधूनमधून चुळबुळ सुटे. मग सिस्टर ओरडत. झोपेचं तर विचारूच नका. डोळा लागला की धुऱ्यावरचा आवाज येई आणि अंग दचके. दचकणं हाच तर धोका होता. वॉर्डात स्टीलचं ताट पडलं तरी जोडलेला हात मागे ओढला जाई. सिंधूताईंनी मग ताटं बंद केली, डबा आणि कागदाच्या प्लेटी आणल्या, आणि चहावाल्याला कपबशी आपटू नको म्हणून दम भरला.

सातव्या दिवशी मंजुश्री आली. आता जाळीची मुकादम तीच होती. किती कळ्या झाल्या, कुठल्या ओळीत पानं पिवळी पडली, सगळं सांगून झालं तरी उठेना. शेवटी म्हणाली, "मामा, मी मोबाइलवर पाह्यलं. ओल्या फडक्यात ठेवाचं असते म्हणे."

गुलाबरावांनी आंब्याकडे पाहिलं. "फटाक्यानं उडालेलं बसत नसते. डॉक्टरांनीच सांगतलं, इच्यारून घे."

"पण मी सुकवलं ते."

"ओल मी शिकवलीच नाही ना तुले. मंग तू कुठून आणशीन?"

ती रडली नाही. डबी धुऊन पुन्हा पावडरीला घेऊ का, एवढंच तिनं विचारलं. गुलाबराव म्हणाले, "नको. ते दुसऱ्या कामाले ठिव."

अकरावा दिवस नगरपालिकेच्या निकालाचा निघाला, आणि मतमोजणी त्या समोरच्या शाळेत होती. सकाळपासून पोलिसांच्या गाड्या, मग माणसं, मग ढोल. सिस्टरांनी खिडक्या लावून घेतल्या, फटीत टॉवेल कोंबले. गुलाबरावांच्या कानात कापूस घातला. हिंमतराव फोन कानाला लावून नांदुऱ्याचा निकाल ऐकत होते, त्यांचा पुतण्या उभा होता.

"अन् काही करता येत नाही काय?" सिंधूताईंनी विचारलं.

"कशाचं?"

"त्यायले थांबवाचं."

"निवडून आलेल्याले?" हिंमतराव म्हणाले. "वहिनी, ते काम पाच वर्षांनी."

बाराच्या सुमारास पहिला आवाज झाला. गुलाबरावांचं सगळं अंग खाटेवरून उचललं गेलं. सिंधूताईंनी पिशवी टाकली आणि त्या सरळ त्यांच्यावर वाकल्या, एक हात त्यांच्या कोपरावर, दुसरा गुडघ्याच्या वर, आणि अंगाचा सगळा भार दिला. मग लड सुरू झाली. ती संपली की कोणी दुसरी लावी, कारण उमेदवार पुष्कळ होते आणि प्रत्येक प्रभागाचा निकाल वेगळा लागत होता. मधल्या शांततेत हिंमतरावांचा पुतण्या निवडून आला. ते एकदम उठून बसायला गेले, मांडीनं आठवण करून दिली तसे पुन्हा आडवे झाले.

"हे आमचे नाहीत बरं का," ते खिडकीकडे बोट करून म्हणाले. "आमचे नांदुऱ्यात फुटून राह्यले."

गुलाबरावांनी डाव्या हातानं खाटेची कड आवळली होती. दात एकावर एक बसले होते. प्रत्येक सुतळी बॉम्बला हात बाहेर यायला बघे आणि सिंधूताई तो आत दाबून धरत. ही झटापट तासभर चालली, दोन माणसं आणि एक हात. पळून जायचं तर कोणाला सोडून, हाच प्रश्न होता. हात सोडून जाता येत नव्हतं आणि हाताला घेऊनही.

सगळं थांबलं तेव्हा सिस्टरांनी चादर उचलली. एक टाका तुटला होता. कातड्याची एक कड जांभळी पडली होती. दाबलं तरी रंग हलेना. त्यांनी फोटो काढून डॉक्टरांना पाठवला. फोनवर उत्तर आलं: पट्टी सैल करा, कातड्याला पीळ पडलाय, हात दोन बोटं खाली घ्या, मांडीखाली उशी द्या, आणि दर पंधरा मिनिटांनी पाहा. संध्याकाळपर्यंत लाल झालं नाही तर मी येतो. येऊन काय करणार, ते बोलले नाहीत.

दर पंधरा मिनिटांनी. सिंधूताईंना घड्याळ नीट वाचता येतं, त्या दिवशी त्या ते हिंमतरावांना विचारत राहिल्या, चूक नको म्हणून. पावणेतीन, जांभळं. तीन, जांभळं. हिंमतरावांना पेढे आले होते, त्यांनी डबा उघडला नाही. साडेतीनला गुलाबराव म्हणाले, "मले सांगू नका. नुसतं पाहत राहा." सव्वाचारला सिस्टरांनी दाबलं, बोट काढलं, आणि पांढऱ्या डागावर कडेकडून लाली सरकत आली, आळसावल्यासारखी. नखाएवढी कड तेवढी काळीच राहिली, ती पुढे गळून पडली. हिंमतरावांनी डबा उघडला. त्याच संध्याकाळी वॉर्डात दोन नवे हात आले, दोन्ही विजयी मिरवणुकीतले, दोन वेगळ्या पक्षांचे.

बाविसाव्या दिवशी मधलं कापलं. गुलाबरावांनी हात डोळ्यांसमोर आणला आणि बराच वेळ ओळख पटवत राहिले. अंगठा होता. जाड, फिकट, बटाट्यासारखा, आणि त्यावर चार-पाच केस, कारण जांघेचं कातडं आपल्या सवयी सोडत नाही. जिवंत होता, पण त्याला कशाचीच खबर नव्हती. आता सुई टोचली तर जांघेतही कळत नसे. डॉक्टर म्हणाले की जाण थोडी येईल, वर्ष-दोन वर्षं लागतील, पूर्वीसारखी येणार नाही. बोटं आखडली होती, त्यांना रोज कोमट पाण्यात वळवायचं होतं, मऊ गोळा दाबायचा होता.

जाळीत ते परतले तेव्हा क्रॉसिंगचे शेवटचे पंधरा दिवस राहिले होते. भगवंतरावांनी खुर्ची दिली आणि थाळी दिली. वानरं अजून येत होती, बॉम्ब बंद झाले होते, आणि कोणीतरी बसायला हवं होतं. गुलाबराव जाळीच्या कोपऱ्यात बसून डाव्या हातानं थाळी वाजवू लागले. प्रत्येक ठोक्याला आपणच दचकायचे, म्हणून आधी मनात एक, दोन म्हणून मग तिसऱ्याला मारायचे. वानरांना या शिष्टाचाराची लवकरच सवय झाली. ती दोनपर्यंत थांबून राहत.

दुपारच्या सुट्टीत बायका जेवायला बाहेर गेल्या की ते कोपऱ्यातल्या झाडाशी जात. पहिल्या दिवशी अकरा कळ्या चिरडल्या. अंगठा किती दाबतोय हे अंगठ्याला माहीत नव्हतं, डोळ्यांनी पाहून ठरवावं लागे, आणि डोळे बोटांच्या मानानं फार उशिरा सांगतात. दुसऱ्या दिवशी नऊ चिरडल्या. तिसऱ्या दिवशी एक कळी निघाली. पिवळा शंकू अख्खा हातात आला, मधली काडी सरळ उभी. दुसऱ्या सकाळी त्यांनी तिला पावडर टेकवली, दोन पानं कातरली, आणि कोणाला बोलले नाहीत. त्यानंतर सहाव्या दिवशी तिथे ज्वारीच्या दाण्याएवढं हिरवं फळ दिसलं. फांदी त्यांनी मागे वळवून ठेवली होती, वाऱ्याचा धक्का नको म्हणून. जाळीत वारा येत नाही.

मंजुश्री त्या ओळीची तपासणी करत आली. ती प्रत्येक फळाची खूण पाहत होती, शिकवल्याप्रमाणे. या फळाशी थांबली. कातरलेली पानं पाहिली, जरा वाकडी होती. तिला कळलं कोणाची ते.

"मामा, हे तुमचं?"

"हाव."

ती पुढे जाईना. "कवा सोललं?"

"मंगळवारी. दुपारी."

"ह्या फांदीचे बाकीचे मंगळवारी सकाळीच उमलले होते," ती म्हणाली, अगदी हळू. "थे मोठी होती का, कळी?"

गुलाबरावांनी आठवलं. मोठी होती. कडा सुटलेल्या होत्या, म्हणून तर सहज निघाली. लहान कळीला त्यांचा अंगठा अजून पुरत नव्हता. उशिरा सोललेली कळी आतल्या आत आधीच धरलेली असू शकते. असेलच असं नाही. पण असू शकते.

"राहू द्या मामा," मंजुश्री म्हणाली. "एकच तं हाय."

बायका ओळीच्या टोकाला उभ्या राहून दुसरीकडेच बघत होत्या. सिंधूताई पाण्याच्या नळीशी थांबल्या होत्या. बाहेर तुरीत वानरं होती आणि थाळी बंद होती.

गुलाबराव वाकले. उजवा हात पुढे नेला, त्या बटाट्यासारख्या अंगठ्याकडे आणि तर्जनीकडे पाहत पाहत दोघांना जवळ आणलं, देठापाशी थांबवलं, आणि फळ तोडलं. शेजारची दोन फळं हललीसुद्धा नाहीत.

मंजुश्रीनं हात पुढे केला. त्यांनी फळ तिच्या तळहातावर ठेवलं. ते कुठेच दबलेलं नव्हतं. तिनं ते उलटसुलट करून पाहिलं, मग देठ पाहिला, सरळ तुटलेला, आणि मग त्यांच्याकडे.

"उद्या ह्या ओळीच्या लहान कळ्या दाखव मले," गुलाबराव म्हणाले, आणि थाळी वाजवायला गेले.